बिनवापराचं कार्ड

कुरिअरवाल्याने सही घेतली आणि पाकीट निवासच्या हातात दिलं. मी मशीनवर ब्लाउजची बाही जोडत होते. पाय थांबवला नाही, पण डोळा तिकडेच होता. निवासनी हात पँटला पुसले, पुन्हा एकदा पुसले, मग माझी कात्री मागून घेऊन पाकिटाची कड सरळ कापली. आत इंग्रजी पत्र होतं आणि पत्राला चिकटवलेलं निळं कार्ड. त्यावर त्यांचं नाव उठवलेलं होतं.

"बघ तर," ते म्हणाले. "बँकेनं माझं नाव छापलंय."

"पेपरवाल्यानंबी छापलं होतं," मी म्हणाले.

त्यांचा कार्ड धरलेला हात खाली आला. मला तेच हवं होतं.

नवऱ्याचं नाव घेऊ नये, हे आईने लग्नाआधीच मला बजावलं होतं. अठ्ठावीस वर्षं मी 'अहो'वर काढली. पण ही गोष्ट 'हे' आणि 'ते' करून सांगता येत नाही, आणि रागवायला ते आता नाहीत, म्हणून घेते.

निवास लोहार म्हणजे पत्र्याची कपाटं, असं कराडात एके काळी समीकरण होतं. ओगलेवाडीच्या रस्त्याला आमची शेड होती, हाताखाली आठ माणसं होती. लग्नसराईत रुखवतात आमचंच कपाट दिसायचं. मग एका ठेकेदाराने कुठल्याशा वसतिगृहासाठी दोनशे चाळीस कपाटांची ऑर्डर दिली आणि निवासना हुरूप आला. बँकेचं कर्ज काढून पत्रा उचलला. ते पुरेना म्हणून खाजगीतून पैसे घेतले, तेही पुरेनात म्हणून माझ्या पाटल्या नेल्या. कपाटं गेली आणि पाठोपाठ ठेकेदारही गेला. पाटल्या कामगारांच्या पगाराला लागल्या, हे मला सहा महिन्यांनी कळलं, तेही एका कामगाराच्या बायकोकडून. बिचारी आभार मानायला आली होती. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

शेवटी देशमाने वकिलांनी कोर्टात नादारीचा अर्ज केला. बेलीफ घरात आला आणि भांड्याकुंड्यांची यादी करून गेला. शिलाई मशीन पोटाचं साधन म्हणून सोडलं. माझ्या लग्नातलं कपाट राहिलं, कारण लिलावात त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. पेपरात चार ओळींची जाहीर नोटीस आली, 'निवास शामराव लोहार, नादार.' त्या दिवसापासून गल्लीतली एकही बाई आमच्याकडे विरजण मागायला आली नाही, न जाणो आम्ही बदल्यात काही मागू. अडीच वर्षांनी कोर्टाने त्यांना मोकळं केलं. कोर्टाने केलं, गावाने नाही आणि मीही नाही. निवास दुसऱ्याच्या शेडमध्ये रोजंदारीवर वेल्डिंग करायला लागले, मी दिवसाला चार ब्लाउज जास्त शिवायला लागले, आणि माझी जीभ तेव्हा जी धारेला लागली ती पुन्हा बोथट झाली नाही.

कार्डाची कल्पना देशमाने वकिलांचीच. आमची प्रणाली तेव्हा अकरावीला होती आणि तिला फिजिओथेरपी शिकायची होती. पत्रे उचलून उचलून निवासचा उजवा खांदा उतरला होता. कुणा डॉक्टरीणबाईंनी त्यांना व्यायाम देऊन बरं केलं, ते बघून पोरीने मनात घेतलं. रोज संध्याकाळी ती बापाचा हात धरून भिंतीवर बोटं चालवायला लावायची. "पप्पा, अजून दोनदा. चोरी नको." आणि हा माणूस, ज्याने साऱ्या बाजाराला तोंड दिलं, तो पोरीपुढे निमूट बोटं चालवायचा.

"फी लाखांत असते," वकील म्हणाले होते. "कर्जाशिवाय जमणार नाही, आणि कर्ज द्यायचं तर बँक बापाचं नाव बघणार. आजपासून सुधारायला लागा. थोडं डिपॉझिट ठेवून त्यावर कार्ड घ्या. महिन्याला दोन-चारशे वापरा, तारखेच्या आत भरा. दोन वर्षांत फरक दिसेल."

डिपॉझिटला पैसे माझे. शिलाईतून आणि भिशीतून जमवलेले पंचवीस हजार होते, घरात कुणाला ठाऊक नसलेले. मी ते निवासच्या नावावर टाकले, पण दोन अटी घालून. फॉर्मवर मोबाईल नंबर माझा लिहायचा, म्हणजे यांनी पाच रुपये उडवले तरी मला कळेल. आणि कार्ड माझ्या कपाटात राहील.

तर त्या दिवशी मी मशीनवरून उठले, त्यांच्या हातातून कार्ड घेतलं, देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि कपाटाच्या लॉकरमध्ये टाकून किल्ली कमरेला लावली.

"आगं, वकील वापरा म्हणाला हुता," निवास म्हणाले.

"वकिलाचं काय जातंय? पाटल्या त्याच्या बायकोच्या नव्हत्या."

"दोनशेचं पेट्रोल टाकतो फक्त. पयल्या तारखेला भरून टाकायचे."

"दोनशेचे दोन हजार कधी हुत्यात ते तुम्हाला कळत न्हाई. मला कळतंय. हात लावायचा न्हाई म्हणजे न्हाई."

माझा हिशेब सरळ होता. एखाद्याने विश्वासाने तुमच्याकडे ठेव ठेवली आणि तुम्ही तिला शिवला नाहीत, तर तुमचं नाव होतं. माझ्या आजोळी पूरग्रस्त लोक डबे ठेवून गेले होते, ते आजीने वर्षभर उघडून बघितले नाहीत, याचं कौतुक अजून होतं. बँकेने आपल्याला वीस हजार वापरायची मुभा दिली, आपण दोन वर्षं एक पैसाही घेतला नाही, याच्यापेक्षा मोठी परीक्षा कुठली? माझ्या मते आमच्या घरात ती परीक्षा मी देत होते आणि पहिल्या नंबराने पास होत होते.

निवासनी आणखी दोनदा विषय काढला. एकदा दिवाळीत, एकदा प्रणालीच्या क्लासच्या पुस्तकांच्या वेळी. दोन्ही वेळा मी पोरीदेखत त्यांना असं काही बोलले की तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं नाही. दुधाने तोंड भाजलेलं माणूस ताक फुंकून पितं म्हणतात. मी तर दुसऱ्याच्या हातातलं ताकही ओतून टाकत होते.

दुसऱ्या वर्षी फोन यायला लागले. तो काळच तसला होता. आमच्या मागच्या गल्लीतल्या शिक्षिकेचे चाळीस हजार 'कार्ड ब्लॉक होईल' म्हणून सांगून कुणीतरी नेले होते. शाळेत, महिला मंडळात, सगळीकडे एकच, फोनवर बँकेचं नाव सांगणाऱ्याशी बोलू नका. इंग्रजी मेसेज तर मी आलेले तसे पुसत होते. दहावी झालेली बाई मी, 'डिअर कस्टमर' एवढं वाचलं की पुढचं लॉटरीचं असणार, हे ठरलेलं.

"मॅडम, निवास लोहार जी का कार्ड का पेमेंट बाकी है," पलीकडची पोरगी म्हणाली.

"हमने कार्ड वापर्‍याच नहीं, तो बाकी किधर से आया?"

"मॅडम, वो फी का है."

"कार्ड मेरे कपाट में है. तू क्या कपाट में बैठी है क्या गं?"

ब्लाउज न्यायला आलेली बाई हसत सुटली. मला चेव आला. पुढच्या खेपेला एक बाप्या बोलला, मराठीत, जरा आवाज चढवून. त्याची मी आई-बहीण काढायची तेवढी बाकी ठेवली. त्या आठवड्यात महिला मंडळात मी हे साग्रसंगीत सांगितलं आणि बायकांनी मला शाबासकी दिली. निवासना मी काही बोलले नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, बँकेत जाऊन विचारून येतो. आणि मला त्यांना बँकेची पायरी चढू द्यायची नव्हती.

बारावीला प्रणालीला चांगले मार्क पडले. प्रवेशपरीक्षाही नीट गेली आणि पुण्याच्या एका कॉलेजात तिचा नंबर लागला. सोमवारपर्यंत पहिल्या वर्षाची फी भरायची होती, नाहीतर जागा पुढच्याला. कर्जाचे कागद आम्ही महिनाभर आधीच बँकेत दिले होते. शुक्रवारी सकाळी तिघं बँकेत गेलो. निवासनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रस्त्यात ते पोरीला म्हणाले, "पुण्यात गेल्यावर माझा खांदा कोण बघणार गं?" ती म्हणाली, "व्हिडिओ कॉल करीन. चोरी केलेली लगेच कळेल."

कर्जाच्या टेबलावर कोरे आडनावाच्या मॅडम होत्या. तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी प्रणालीला गुणपत्रिकेच्या आणखी दोन झेरॉक्स आणायला खाली पाठवलं आणि ती गेल्यावर कॉम्प्युटरवरची नजर आमच्याकडे वळवली.

"काका, कोर्टाचं जुनं प्रकरण मी बघितलं. सुटकेचा हुकूमही तुम्ही जोडलाय. त्यावर मी वर चांगलं लिहिणार होते. मुलगी हुशार आहे, प्रकरणाला वर्षं झालीत, ऑफिसने ऐकलं असतं." त्या थांबल्या. "पण हे कार्डाचं काय?"

"कार्डाचं काय?" निवासनी विचारलं.

"थकलंय ना."

"वापरलंच न्हाई, मॅडम. एकदाबी न्हाई. हिच्या कपाटात हाय."

"पहिलं वर्ष फुकट होतं, काका. दुसऱ्या वर्षी फी लागते. टॅक्स धरून पाचशे एकोणनव्वद रुपये. ती भरली नाही, मग दंड, व्याज, परत दंड. सहा महिने वाट बघून बँकेने डिपॉझिट मोडून वसूल केले आणि कार्ड बंद केलं."

"किती झाले हुते?"

"चार हजार एकशे."

मला वाटलं, एवढंच ना. चार हजार म्हणजे पंधरा दिवसांची शिलाई. मी कमरेची पिशवी चाचपायला लागले. मॅडमनी ते बघितलं आणि मान हलवली.

"आता भरून उपयोग नाही, काकू. पैसे मिळालेत बँकेला. पण रिपोर्टवर सहा महिन्यांची थकबाकी उमटली, ती पुसता येत नाही. जुनं नादारीचं एकटं असतं तर मी सांभाळून घेतलं असतं. सुटल्यावर परत थकवलं म्हटल्यावर माझं कुणी ऐकणार नाही. निदान दोन-तीन वर्षं तरी."

"माझ्या नावावर द्या मग," मी म्हणाले. "माझं काय थकलेलं न्हाई."

"तुमच्या नावावर काहीच नाही, काकू. ना पगार, ना रिटर्न. कोरी पाटी कशावर धरायची आम्ही?"

निवास खुर्चीत पुढे सरकले. "आम्हाला कुणी कळवलं न्हाई, मॅडम. कळवलं असतं तर त्याच दिवशी भरलं असतं. आईशप्पत."

"बिल ई-मेलवर जात होतं."

"ई-मेल फॉर्म भरणाऱ्या दुकानदारानं घातला हुता. आम्हाला कुठं येतंय ते?"

"आणि फोन झालेत, काका. नऊ वेळा." मॅडमनी पडदा जरा आमच्याकडे फिरवला आणि बोट ठेवून वाचलं. "तीन वेळा कट केला. दोन वेळा 'कार्ड वापरलं नाही' असं उत्तर. आणि इथे एका ठिकाणी लिहिलंय, समोरील महिलेकडून शिवीगाळ." त्यांना जरा अवघडल्यासारखं झालं. "हा नंबर तुमचाच का?"

निवास पुढे वाकले. नंबर त्यांनी एक एक आकडा करत वाचला. मग माझ्याकडे बघितलं. आयुष्यात इतकी बोलणी खाल्लेल्या माणसाला आज बोलायची संधी होती, आणि मी मनाशी तयार झाले होते. म्हटलं, बोला आता. सगळं एकदाच बोला.

तेवढ्यात प्रणाली झेरॉक्स घेऊन वर आली. आमची तोंडं बघून ती तिथेच उभी राहिली.

"काय झालं?"

मॅडम बोलायला तोंड उघडत होत्या, तोवर निवास म्हणाले, "माझ्यामुळं झालं, पोरी. कर्ज न्हाई मिळत."

"जुन्या केसमुळं? पण वकील म्हणाले होते की..."

"जुन्या न्हाई. कार्ड हाय ना ते. ते वापरलं मी. भरायचं राहिलं."

"कार्ड आईच्या कपाटात होतं."

"हुतं की." ते थांबले. खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना, ठेकेदारापुढेही ते जमलं नव्हतं. शब्द शोधत शोधत बोलले. "कपाट मीच केलेलं हाय. त्याला किल्ली कशाला लागतीया? हिच्या माघारी काढलं, पत्रा घेतला थोडा. म्हटलं परत धंदा उभा करावा."

"परत?" प्रणाली म्हणाली.

"व्हय."

"आईच्या लॉकरमधून चोरलंत?"

मॅडम म्हणाल्या, "अगं, तसं नाही, हे बघ..."

"मॅडम, राहू द्या," निवास म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की त्या खरंच थांबल्या, आणि त्यांनी पडदा परत आपल्याकडे फिरवून घेतला.

प्रणाली माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

"आई, तुला माहीत होतं?"

मी तिच्याकडे बघितलं. तिथे चार शब्द पुरे होते. फोन मीच कट केले, एवढंच म्हणायचं होतं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. निवास बघत नव्हते. ते समोरच्या टेबलावरचे आमचे कागद गोळा करत होते, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"न्हाई गं," मी म्हणाले. "मला कुठलं ठाऊक?"

प्रणालीने झेरॉक्स टेबलावर ठेवल्या आणि ती एकटी जिना उतरून गेली.

घरी आल्यावर ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी निवास मागच्या दारी तोंड धुत होते. मी तांब्या धरून उभी राहिले. मला म्हणायचं होतं एक, आणि तोंडातून आलं, "कशाला केलं असं?"

"तुझ्यावर तिचा भरवसा हाय," ते म्हणाले. "तेवढा तरी राहू दे घरात."

"मी सांगते तिला."

"सांगून काय जागा परत येतीया? एकाच दिवशी दोघांनाबी कशाला गमवावं तिनं?" त्यांनी तोंड पुसलं. "माझं काय, नादार माणूस हाय. पेपरात आलेलं हाय. त्याला आणखी किती नादार करणार?"

यावर मी रडले, त्यांचे पाय धरले, असं काही झालं नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. छातीवरचा धोंडा उचलून कुणीतरी दुसऱ्याच्या छातीवर ठेवला आणि मी मोकळा श्वास घेतला. मनाशी म्हटलंही, एवीतेवी यांनीच बुडवलं ना सगळं? यांनी ती ऑर्डर घेतली नसती तर कार्डाची वेळच कशाला आली असती? झाकली मूठ सव्वा लाखाची. असा हिशेब जुळवला की झोप लागते, आणि मला त्या रात्री लागली.

सोमवारी पुण्याची जागा गेली. प्रणालीने कराडातच लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. ती अभ्यासात कुठे कमी पडली नाही, पण भिंतीवर बोटं चालवायला तिने पुन्हा कधी बापाचा हात धरला नाही. खांदा दोन महिन्यांत आखडला. ते डाव्या हाताने जेवायला लागले. मी एकदा म्हणाले, "प्रणाली, जरा बघ की त्यांचा खांदा." ती म्हणाली, "कपाट उघडताना दुखत नव्हता." ते ऐकून निवास जेवता जेवता किंचित हसले, आणि मी वाढत होते ती भाजी वाढत राहिले.

नोकरी लागल्यावर ती कोल्हापूरला गेली. दर महिन्याला मला फोन करायची. पैसे पाठवायची ते माझ्या खात्यात, आणि प्रत्येक वेळी सांगायची, "त्यांना पासबुक दाखवू नकोस." त्यांना ती पप्पा म्हणायची थांबली होती. निवास मला विचारायचे, "बरी हाय न्हवं?" मी म्हणायचे, बरी आहे. दोन-तीनदा वाटलं, आता सांगून टाकावं. एकदा तर तिच्या खोलीवर गेले होते, दोघीच होतो, भाकरी थापता थापता विषय तोंडाशी आला होता. पण ती म्हणाली, "आई, मी लॅबमधल्या सगळ्यांना सांगते, माझी आई नसती तर आमचं घर रस्त्यावर आलं असतं." भाकरी तव्यावर टाकली आणि तो विषय तिथेच राहिला.

निवास गेले ते दोन वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात. शेडमध्ये काम करता करता बसले ते उठलेच नाहीत. प्रणाली आली, सगळं रीतीने केलं, रडली मात्र नाही. बाराव्यानंतर पाहुणे पांगले. ती आणि मी पुढच्या खोलीत बसलो होतो. सांत्वनाला निवासचा शेडमधला एक जुना सोबती आला होता, आनंदा नावाचा, पांढऱ्या केसांचा. तो म्हणाला, "देवमाणूस गेला बघा वहिनी. स्वतः बुडला, पण एका कामगाराचा पगार ठेवला न्हाई."

तो गेल्यावर प्रणाली म्हणाली, "बाहेरच्यांना देवमाणूस. घरात बायकोचं कपाट उघडायचा."

मी तिच्याकडे बघितलं. आता कुणी अडवायला नव्हतं, कुणाला वाचवायचंही नव्हतं. तिच्या तोंडावर बापाचाच हट्टीपणा होता, ओठ तसेच दाबलेले.

"असं बोलू नये गं गेलेल्या माणसाला," मी म्हणाले. "चुका हुत्यात माणसाच्या हातनं. मी कधीच माफ केलं त्यांना."

प्रणालीने माझा हात हातात घेतला आणि मग पहिल्यांदा तिला रडू आलं.

"तू फार मोठ्या मनाची आहेस, आई," ती म्हणाली.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.